जीर्णोद्धार कीं नवनिर्मिति?

जुनें घर पाडावें कीं डागडुजी करून त्यांतच राहावें, हा प्रश्न दोनतीन पिढ्यांतून एकदां तरी प्रत्येक कुटुंबापुढें उभा राहतो. आढ्याला वाळवी लागलेली असते, माजघरांत दिवसां दिवा लावावा लागतो, आणि धाकट्या मुलाचें लग्न ठरलेलें असतें. अशा वेळीं घरांत दोन पक्ष पडतात. एक पक्ष आजोबांचें नांव घेतो, दुसरा गवंड्याचें. दोघांचेंहि बोलणें आपापल्या परीनें खरें असतें, आणि म्हणूनच वाद मिटत नाहीं. शेवटीं एखाद्या पावसाळ्यांत मागची भिंत बसते, आणि जो निर्णय माणसांनीं विचारानें घ्यावयाचा तो पाऊस घेऊन मोकळा होतो.

खाजगी घराचा निकाल पावसानें लावला तर नुकसान एका कुटुंबाचें होतें. परंतु ज्या घरांत राष्ट्राचे कायदे घडतात तें घर जुनें झालें म्हणजे काय करावें? दिल्लींतील संसद भवनाच्या निमित्तानें हा प्रश्न गेल्या कांहीं वर्षांत आपणां सर्वांपुढें आला. १८ जानेवारी १९२७ रोजीं लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें उघडलेली वर्तुळाकार वास्तु सोडून आपली संसद १९ सप्टेंबर २०२३ रोजीं शेजारच्या त्रिकोणी वास्तूंत नांदावयास गेली. नव्या वास्तूची कोनशिला १० डिसेंबर २०२० रोजीं बसविण्यांत आली होती, आणि २८ मे २०२३ रोजीं तिचें उद्घाटन झालें. या अवधींत जो वाद झाला त्यांतील पुष्कळसा भाग पक्षोपपक्षांच्या धुळींत दिसेनासा झाला. ती धूळ आतां बरीचशी खालीं बसली आहे. तेव्हां या दोन वास्तूंकडे शांतपणें पाहावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत दगडविटांचें काय काम, असा प्रश्न एखादा वाचक विचारील. त्याला उत्तर असें, कीं विधिमंडळाचें सभागृह हें मुळांत बोलण्याचें घर आहे. तेथें धान्य साठवीत नाहींत कीं यंत्रें चालवीत नाहींत. तेथें माणसें उभीं राहून बोलतात व बसून ऐकतात. आणि बोलणें कोठें होतें यावर तें कसें होतें हें पुष्कळ अंशीं अवलंबून असतें. देवळाच्या सभामंडपांतील कीर्तन आणि हजार खुर्च्यांच्या नाट्यगृहांतील कीर्तन हें एकच कीर्तन नव्हे, मग बुवा तेच असोत आणि आख्यानहि तेंच असो. नाटकाचें परीक्षण करणारा जसा रंगभूमीचा विचार टाळूं शकत नाहीं, तसाच वक्तृत्वाचा विचार करणारा सभागृहाचा विचार टाळूं शकत नाहीं. म्हणून स्थापत्यशास्त्राचा अधिकार नसतांहि मीं हें धाडस केलें आहे.

प्रथम जुन्या वास्तूची गोष्ट. दिल्लीची नवी राजधानी आंखली गेली तेव्हां तींत विधिमंडळासाठीं स्वतंत्र इमारतच नव्हती. १९१९ च्या सुधारणा कायद्यानें दोन सभागृहें निर्माण झालीं आणि मग त्यांच्यासाठीं घर शोधावें लागलें. म्हणजे जी वास्तु पुढें लोकशाहीचें प्रतीक ठरली ती मूळच्या आराखड्यांत एक पुरवणी होती. हर्बर्ट बेकर यांनीं तिच्यासाठीं त्रिकोणी रचना सुचविली होती. एडविन लट्येन्स यांनीं वर्तुळाचा आग्रह धरला व तो सिद्धीस नेला. १२ फेब्रुवारी १९२१ रोजीं ड्यूक ऑफ कॅनॉट यांनीं कोनशिला बसविली, आणि सहा वर्षांत ८३ लक्ष रुपये खर्चून ती वास्तु उभी राहिली. शंभर वर्षांनीं त्याच आवाराला लागून त्रिकोण उभा राहावा, आणि बेकरची हरलेली बाजू दुसऱ्याच कोणाच्या हातून जिंकली जावी, हा काळाचा विनोद म्हणावयाचा.

खरें सांगावयाचें तर बाहेरून पाहतां मला ती वास्तु फारशी सुंदर कधींच वाटली नाहीं. एकशें चव्वेचाळीस खांबांची ती रांग कोठूनहि पाहा, सारखीच दिसते. मुख कोणतें आणि पाठ कोणती हें नवख्या माणसास उमगत नाहीं. परंतु आंत गेल्यावर तिची योजना कळूं लागते. मध्यें घुमटाखालील वर्तुळाकार दालन आणि त्याच्या सभोंवार तीन अर्धवर्तुळाकार सभागृहें: एक विधानसभेचें, एक वरिष्ठ मंडळाचें, आणि एक संस्थानिकांच्या नरेंद्रमंडळाचें. साम्राज्यानें आपल्या सोयीनें केलेली ही वांटणी होती. पुढें काय झालें तें पाहण्यासारखें आहे. राजेमहाराजांच्या दालनांत १९३७ पासून संघ न्यायालय बसूं लागलें, आणि १९५० पासून १९५८ पर्यंत स्वतंत्र भारताचें सर्वोच्च न्यायालय तेथेंच बसत होतें. मधल्या दालनांत ग्रंथालय होतें. तेथें ९ डिसेंबर १९४६ रोजीं घटना समितीची पहिली बैठक भरली. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्रींचें सत्तांतर तेथेंच झालें, आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजीं डॉक्टर आंबेडकरांनीं आपलें समारोपाचें भाषण तेथेंच केलें. ज्या सभागृहांत ८ एप्रिल १९२९ रोजीं भगतसिंग व बटुकेश्वर दत्त यांनीं बाँब टाकला, त्याच सभागृहांत १९५२ पासून गणेश वासुदेव मावळंकर लोकसभेचे पहिले अध्यक्ष म्हणून बसले.

म्हणजे ही वास्तु बांधली एकांनीं, एका हेतूनें. आणि तिला अर्थ दिला दुसऱ्यांनीं, अगदीं उलट हेतूनें. ती परकीयांनीं बांधली म्हणून टाकाऊ, हा युक्तिवाद मला म्हणूनच कधीं पटला नाहीं. दगड फोडणारे व चढविणारे हात येथलेच होते, ही गोष्ट बाजूस ठेवली तरी, ज्या दालनांत आपण आपली राज्यघटना लिहिली तें दालन परक्याचें कसें म्हणावें? संस्कृत नाटकांतील एखादा प्रसंग मराठी नाटककारानें घेऊन आपला करावा, तशी ती वास्तु आपण आपली केली होती.

मात्र केवळ आपुलकीनें छप्पर गळावयाचें थांबत नाहीं, हें दुसऱ्या पक्षाचें म्हणणेंहि तितकेंच खरें आहे. नव्या वास्तूची मागणी एकाएकीं किंवा एकाच पक्षाकडून आली नव्हती. मीरा कुमार लोकसभेच्या अध्यक्षा असतांना २०१२ सालीं त्यांच्या कार्यालयाकडून, आणि मूळच्या चिपळूणच्या सुमित्रा महाजन अध्यक्षा असतांना २०१५ सालीं, सरकारकडे तशी मागणी गेली होती. मागणीच्या पुष्ट्यर्थ जीं कारणें पुढें आलीं तीं सगळीं एकाच गांठोड्यांत बांधलीं गेलीं, आणि येथेंच विचाराचा गोंधळ झाला असें मला वाटतें. तें गांठोडें सोडून पाहिलें तर आंत तीन निरनिराळे प्रश्न सांपडतात. वास्तु धड आहे काय, हा पहिला. वास्तु पुरते काय, हा दुसरा. आणि वास्तु आपल्याला कसें वागावयास लावते, हा तिसरा. पहिल्याचें उत्तर स्थापत्यविशारदानें द्यावयाचें, दुसऱ्याचें हिशेबनिसानें. तिसऱ्याचें उत्तर देण्याची जबाबदारी कोणाचीच नसते, म्हणून बहुधा तो प्रश्न विचारलाच जात नाहीं.

पहिला प्रश्न घेऊं. जुनी वास्तु बांधली गेली तेव्हां विजेच्या तारांचें जाळें, वातानुकूलन, ध्वनियंत्रणा, यांपैकीं बहुतेकांची कल्पनाहि नव्हती. हीं सगळीं मागाहून भिंतींत व छतांत कोंबलीं गेलीं. १९५६ मध्यें वर दोन मजले चढले. आगीपासून बचावाची व्यवस्था आजच्या कसोटीस उतरत नव्हती. आणि भूकंपाच्या नकाशांत दिल्लीचें स्थान दुसऱ्या विभागांतून चौथ्या विभागांत गेलें होतें. हे दोष खरे आहेत. पण त्यांवरून वास्तु दुरुस्तीच्या पलीकडे गेली होती असें सिद्ध होत नाहीं. कारण ज्या सरकारनें हे दोष दाखविले त्यानेंच त्याबरोबर असेंहि सांगितलें, कीं जुनी वास्तु पाडावयाची नाहीं. तिला बळकटी आणून ती उपयोगांत ठेवावयाची आहे. जी वास्तु बळकट करतां येते ती मोडकळीस आली असें म्हणतां येत नाहीं. तेव्हां जीर्णता हें खरें कारण नव्हतें, फार तर निमित्त होतें.

आतां दुसरा प्रश्न. १९१९ च्या कायद्याप्रमाणें मध्यवर्ती विधानसभेचे सभासद १४५ होते. लोकसभेच्या निवडून येणाऱ्या सभासदांची संख्या पुढें ५४३ झाली, आणि त्याच अर्धवर्तुळांत सर्वांस बसविणें भाग पडलें. मागील रांगांतील सभासदांपुढें लिहिण्यास मेजहि नव्हतें. दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक ज्या मध्यवर्ती दालनांत होई त्यांत जेमतेम ४४० माणसांची सोय होती. बाकीच्यांसाठीं ऐन वेळीं खुर्च्या मांडाव्या लागत. शिवाय लोकसभेच्या जागांची संख्या १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनें गोठविली गेली होती, आणि २००२ सालीं अमलांत आलेल्या चौऱ्यायशीव्या दुरुस्तीनें ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबविली. ही मर्यादा कधीं ना कधीं उठणार हें गृहीत धरून नव्या लोकसभेंत ८८८ व राज्यसभेंत ३८४ आसनें ठेवण्यांत आलीं. पंगतीस बोलाविलेल्या प्रत्येकाला पान मिळालें पाहिजे, हा आपल्याकडील साधा शिष्टाचार आहे. कोट्यवधि लोकांनीं निवडून पाठविलेल्या माणसास बसावयास धड जागा नसावी, हें खचित शोभण्यासारखें नव्हतें. हा हिशेब मला मान्य आहे. नव्या वास्तूचा सर्वांत भक्कम आधार तोच.

परंतु हिशेबानेंच सर्व प्रश्न सुटत असते तर तिसऱ्या प्रश्नाची गरज पडली नसती. तो प्रश्न नीट समजण्यासाठीं थोडा वेळ लंडनला जावें लागेल. कारण जुनें घर सोडावें कीं सांवरावें हा वाद ज्या विधिमंडळानें तीन वेळां अनुभवला तें तेथील आहे.

१६ ऑक्टोबर १८३४ रोजीं वेस्टमिन्स्टरचा जुना राजवाडा आगींत भस्म झाला. हिशेबाच्या जुन्या, निरुपयोगी लांकडी कांड्या भट्टींत जाळतांना ही आग लागली. राहिलें तें मुख्यत्वें अकराव्या शतकांतील भव्य दालन. चार्ल्स बॅरी यांनीं त्या दालनाला सामावून घेऊन नवें भवन उभें केलें. ही नवनिर्मिति होती, पण ती जुन्याचा हात धरून. पुढें १९४१ च्या मे महिन्यांत जर्मन बाँबखालीं कॉमन्स सभेचें दालन उद्ध्वस्त झालें. आतां तरी ऐसपैस दालन बांधावें, प्रत्येकास आसन व मेज द्यावें, असें पुष्कळांस वाटत होतें. २८ ऑक्टोबर १९४३ रोजीं चर्चिल यांनीं सभेपुढें याच्या अगदीं उलट बाजू मांडली. दालन पूर्वीसारखेंच लांबट असावें व पूर्वीसारखेंच लहान असावें. सर्वांना पुरेल इतकें तें मोठें नसावें. त्यांचा आशय असा, कीं दालन मोठें केलें तर एरवींच्या दिवशीं तें ओसाड दिसेल व भाषणें व्याख्यानांसारखीं होतील. लहान असेल तर बोलणें संभाषणाजवळ राहील, आणि महत्त्वाच्या प्रसंगीं दाटी होऊन प्रसंगाचें गांभीर्य सर्वांस जाणवेल. सभेनें तें मानलें. २६ ऑक्टोबर १९५० रोजीं उघडलेल्या त्या दालनांत साडेसहाशेंच्या आसपास सभासदांना आसनें अवघीं ४२७ आहेत.

येथें मी चर्चिल यांचा वकील होऊं इच्छीत नाहीं. हिंदुस्थानाविषयींचीं त्यांचीं मतें आपणांस ठाऊक आहेत, आणि त्यांच्या देशाची रीत आपण उचललीच पाहिजे असेंहि नाहीं. महत्त्वाची गोष्ट ही, कीं ऐन युद्धाच्या धामधुमींत एका विधिमंडळानें आपल्या घराच्या आकाराविषयीं स्वतः वादविवाद केला, आणि आकाराचा आपल्या वर्तनाशीं काय संबंध आहे हें विचारलें. आपल्याकडे हा प्रश्न संसदेच्या पटलावर त्या रीतीनें मांडला गेला नाहीं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें. ५ जानेवारी २०२१ रोजीं दोघांच्या विरुद्ध एका मतानें योजनेस मान्यता मिळाली. न्यायमूर्ति खन्ना यांनीं आपल्या भिन्न मतांत लोकांस पुरेशी माहिती व संधि मिळाली नाहीं या गोष्टीवर बोट ठेवलें. परंतु न्यायालय कायदेशीर काय तें सांगूं शकतें. योग्य काय तें सांगण्याचें काम त्याचें नव्हे. तें काम चर्चेचें होतें, आणि चर्चा झाली ती बहुतेक न्यायालयाच्या आवारांत आणि वृत्तपत्रांच्या रकान्यांत.

तरी वेस्टमिन्स्टरची गोष्ट येथेंच संपविली तर ती एकांगी होईल. तेथील भवन आज स्वतःच जर्जर झालें आहे. आगीचा धोका आहे, भिंतींत आरोग्यास घातक असें अ‍ॅस्बेस्टॉस आहे, नळ व तारा जुन्या झाल्या आहेत. २०१८ सालीं कॉमन्स सभेनें दुरुस्तीसाठीं कांहीं काळ बाहेर पडण्याचा ठराव केला, २०१९ सालीं त्यासाठीं कायदाहि झाला. पण बाहेर जावयाचें कोठें व किती काळ, या विवंचनेंत वर्षें गेलीं. राहत्या घरांत राहून त्याचा पाया खणतां येत नाहीं. दिल्लीच्या नव्या वास्तूच्या बाजूचा सर्वांत समर्थ युक्तिवाद मला हाच वाटतो, आणि नवल हें, कीं तिच्या कैवाऱ्यांनीं तो फारसा जोरानें मांडला नाहीं. वर्षांतून तीन अधिवेशनें भरणाऱ्या घराची खरी दुरुस्ती करावयाची तर आधीं दुसरें घर हवेंच होतें.

म्हणून नवी वास्तु बांधली याला माझा आक्षेप नाहीं. माझा आक्षेप पुढच्या पायरीला आहे: नवें घर मिळालें म्हणजे जुन्या घराशीं आपला संबंध संपला, असें मानण्याला.

ही पायरी स्पष्ट करण्यास आपल्या मुंबईइतकें चांगलें ठिकाण नाहीं. १८७४ सालीं पुरें झालेलें जुनें सचिवालय ओव्हलच्या मैदानासमोर अद्याप उभें आहे. १९५५ मध्यें सरकार नव्या सचिवालयांत गेलें, ज्याला आपण १९७५ पासून मंत्रालय म्हणतों. आणि जुन्यांत दिवाणी व सत्र न्यायालय आलें. अपोलो बंदराजवळील खलाशांसाठीं बांधलेलें एक वसतिगृह १९२८ पासून मुंबईचें विधिमंडळ झालें. संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांतील वादळें त्यानें पाहिलीं. १९८१ सालीं नवें विधान भवन झाल्यावर तेथें राज्याच्या पोलिसांचें मुख्य कार्यालय गेलें. या जुन्या इमारतींना कोणी संग्रहालय केलें नाहीं. त्या कामांत राहिल्या. त्यांचे जिने वकिलांनीं व पक्षकारांनीं झिजविले, त्यांच्या खिडक्या रोज उघडल्या गेल्या. मंत्रालयाची गोष्ट तर याहून बोधप्रद आहे. २१ जून २०१२ रोजीं त्याला भीषण आग लागली, वरचे मजले जळाले, जीवितहानि झाली. त्या वेळीं तें पाडून नवें बांधण्याचें निमित्त आयतेंच हातीं आलें होतें. तरी त्याचें नूतनीकरणच झालें. पन्नाशी उलटलेल्या त्या सिमेंटकाँक्रीटच्या इमारतीला कोणी प्राचीन वैभव म्हणणार नाहीं. तरीहि ती सांवरतां आली.

वास्तु वयानें मरत नाहीं. तिचा उपयोग काढून घेतला म्हणजे मरते. वेस्टमिन्स्टरचें तें अकराव्या शतकांतील दालन उभें आहे तें त्याच्या दगडांच्या बळावर नव्हे, तर त्यांतून आजहि माणसांची ये-जा आहे म्हणून.

आतां नव्या वास्तूचें परीक्षण. तिचे रचनाकार बिमल पटेल यांच्यापुढें आवाराच्या आकाराचें बंधन होतें. त्रिकोण त्यांतून आला. लोकसभेंत मोराची व राज्यसभेंत कमळाची कल्पना सजावटींत योजिली आहे, आणि आंत वापरलेलें सागवान नागपुराहून नेलेलें आहे. एकेका बाकावर दोघेच बसतात. कोणासहि मधून उठून जातांना शेजाऱ्यास त्रास होत नाहीं. अपंगांच्या सोयीकडे जुन्या वास्तूंत कोणाचें लक्षच नव्हतें. येथें तें दिलें आहे. हे गुण खरे आहेत व ते कबूल केले पाहिजेत. १ ऑगस्ट २०२४ रोजीं पावसाचें पाणी वरच्या कांचेच्या घुमटांतून गळलें तेव्हां पुष्कळांनीं थट्टा केली. मला त्या थट्टेंत गोडी वाटली नाहीं. कोणतेंहि घर पहिल्या पावसाळ्यांत कोठें ना कोठें गळतें. त्यापासून एवढेंच शिकावें, कीं नवी इमारत म्हणजे दुरुस्तीपासून सुटका नव्हे; दुरुस्तीचा नवा हप्ता तेथूनच सुरू होतो.

खरी उणीव निराळी आहे. जुन्या भवनाच्या मध्यभागीं जें वर्तुळाकार दालन होतें, तें वर्षांतून थोडेच दिवस समारंभाच्या कामीं येई. एरवीं तेथें सभासद चहाकॉफी घेत बसत. लोकसभेचे व राज्यसभेचे, सरकारपक्षाचे व विरोधी, आजचे व माजी, शिवाय कांहीं जुने पत्रकार, असे सगळे एकाच घुमटाखालीं भेटत. सकाळीं सभागृहांत ज्याच्यावर आग पाखडली त्याच्याच शेजारीं दुपारीं बसावें लागे. नव्या वास्तूंत सभासदांच्या विश्रांतीचीं दालनें आहेत, संविधान कक्ष आहे. परंतु दोन्ही सभागृहांच्या मधोमध असलेलें तसें दालन नाहीं. संयुक्त बैठक लोकसभेच्या विस्तृत सभागृहांतच भरते. तेथें त्या वेळीं १,२०० हून अधिक माणसें बसूं शकतात. हिशेबाच्या दृष्टीनें ही उत्तम सोय झाली. एकाच दालनानें दोन कामें भागलीं, एक दालन वांचलें. पण जें वांचलें तेंच घराचें माजघर होतें.

मला एक जुना प्रसंग आठवतो. पंचवीसेक वर्षांपूर्वीं विद्यार्थ्यांची सहल घेऊन दिल्लीस गेलों असतां जुन्या लोकसभेच्या प्रेक्षकसज्जांत एक दुपार घालविण्याचा योग आला. कामकाज रुक्ष होतें, आणि मुलें जांभया देत होतीं. खालीं एका रांगेच्या मधोमध बसलेल्या सभासदास बाहेर जावयाचें होतें. त्याच्यासाठीं चौघांस गुडघे आंखडावे लागले. चौथ्यापाशीं तो क्षणभर थांबला, वांकून कांहीं बोलला, आणि दोघेहि हंसले. त्या वेळीं मीं जागेच्या त्या अडचणीला नांवें ठेवलीं होतीं. कोट्यवधि लोकांचे प्रतिनिधि असे कोंबून बसवावे काय, असें मुलांस म्हणालोंहि होतों. आज वाटतें, कीं माझें म्हणणें बरोबर होतें आणि तरीहि कांहीं तरी माझ्या नजरेंतून सुटलें होतें. अडचणीनें माणसें एकमेकांजवळ येतात. ऐसपैस जागेंत कोणास कोणाची अडचण होत नाहीं, आणि म्हणून कोणास कोणाशीं बोलण्याचें कारणहि उरत नाहीं.

केवळ एका दालनामुळें सभ्यता टिकते व तें गेल्यानें ती जाते, असें म्हणण्याइतका मी भोळा नाहीं. त्या दालनाच्या छायेंतहि जुन्या सभागृहांत कागद फाडले गेले व माइक उपटले गेले. पण ज्या काळांत माणसांमाणसांतील अंतर वाढत आहे त्या काळांत घर बांधणाऱ्यानें निदान अंतरांत भर घालूं नये, इतकी अपेक्षा अवाजवी नाहीं.

जुन्या वास्तूला आतां संविधान सदन असें नांव मिळालें आहे. नांव चांगलें आहे. २६ नोव्हेंबर २०२४ रोजीं राज्यघटनेच्या स्वीकारास पंचाहत्तर वर्षें पूर्ण झालीं तेव्हां राष्ट्रपतींसह दोन्ही सभागृहांचे सभासद ज्या ठिकाणीं जमले तें नव्या वास्तूंत नव्हतें. तें याच जुन्या घुमटाखालीं होतें. ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. सोयीसाठीं आपण नव्या घरीं गेलों, आणि गांभीर्याची गरज पडली तेव्हां जुन्या घरीं परतलों. लग्न शहरांतील कार्यालयांत लागलें तरी कुळाचाराला गांवच्या घरींच जावें लागतें, त्यांतलाच हा प्रकार. मग हें परतणें प्रासंगिक कां असावें? प्रतिवर्षीं राष्ट्रपतींचें अभिभाषण त्या दालनांत व्हावें. दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समित्या तेथें बसाव्या. आजी व माजी सभासदांस तेथें पूर्वीसारखें भेटतां यावें. आसनांची वाण पडेल हें खरें. वर्षांतून एक दिवस थोडी दाटी झाली तर बिघडलें कोठें?

पुण्याच्या भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली, तें काम १९१९ पासून १९६६ पर्यंत चाललें. त्या विद्वानांनीं मूळ पाठ निश्चित केला. पण टाकलेले पाठ फेंकून दिले नाहींत. ते प्रत्येक पानाच्या तळाशीं बारीक अक्षरांत जपून ठेवले, कारण आज जो पाठ गौण वाटतो त्याचें मोल उद्यांच्या वाचकास कळूं शकेल. सार्वजनिक वास्तूंच्या बाबतींत आपण इतकी तरी सावधगिरी बाळगावी.

हा प्रश्न केवळ दिल्लीचा असता तर इतका विस्तार केला नसता. आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांतून काळ्या दगडाच्या कचेऱ्या, चावड्या, न्यायालयें व शाळा उभ्या आहेत. कौलें फुटलेलीं, पन्हळी गंजलेल्या, भिंतींतून पिंपळ फुटलेला. त्यांच्या दारावर एके दिवशीं 'धोकादायक' अशी पाटी लागते, आणि वर्षभरांत त्या जागीं चौकोनी इमारत उभी राहते. कधीं तें आवश्यक असतें. पण कौल वेळेवर न बदलणें आणि पिंपळ वेळेवर न उपटणें हाहि एक निर्णयच असतो. फक्त त्यावर कोणाची सही नसते. वीस वर्षें दुरुस्ती टाळावयाची आणि एकविसाव्या वर्षीं दुरुस्ती अशक्य म्हणून जाहीर करावयाचें, हा न्याय आपण आपल्या म्हाताऱ्या माणसांस लावूं तर लोक आपणांस काय म्हणतील?

म्हणून अशी पाटी लागेल तेव्हां गांवानें तीनच प्रश्न विचारावे. ही वास्तु धड नाहीं, तर ती धड करतां येत नाहीं हें कोणीं तपासलें? ती पुरत नाहीं, तर उरलेल्या कामासाठीं शेजारीं दुसरी बांधून भागणार नाहीं काय? आणि हिच्या पडवींत, हिच्या चौकांत, हिच्या पारावर माणसें आजवर जशीं भेटलीं तशीं नव्या इमारतींत कोठें भेटतील? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें कागदावर मिळतील. तिसऱ्याचें मिळालें नाहीं, तर नकाशा पुनः पाहावा.